"ती आशा बाई काय सांगणार?"

आज एका बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बाळंतीण आतल्या खोलीत रडवेली बसलेली. उशाशी पावडरच्या दुधाचा डबा. मी म्हटलं, "अगं, तुमच्या आशाताईंना बोलाव की." आशाताई म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतली, घरोघरी येणारी आपल्याच वस्तीतली कार्यकर्ती. तर तिचा दीर दारातूनच म्हणाला, "ती आशा बाई काय सांगणार? दहावी तरी झालीय का?" बारशाच्या घरात वाद नको म्हणून गप्प बसले. आता घरी येऊन लिहितेय, तरी हात थरथरतायत.

माझी लेक पाच दिवसांची होती. "तुम्हाला दूध कमी आहे" असं सांगून दवाखान्याने घरी पाठवलेलं. छाती दगडासारखी, बोंडांना चिरा, पोर रात्रभर किंचाळायची. येणारी प्रत्येक बाई अळीव नाहीतर शतावरी सांगून जायची. मग आशाताई आल्या. हात धुतले, पलंगावर माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. लेकीचं पोट माझ्या पोटाला लावलं. "तोंड मोठं उघडू दे. नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे. खालचा ओठ बाहेर वळला का बघ." आणि पहिल्यांदा मला तिच्या घोटांचा आवाज आला. "माझ्या पहिल्या वेळी माझंही असंच झालं होतं गं," त्या म्हणाल्या. मी हमसून हमसून रडले.

दहावी विचारतोस? गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. श्वास मोजायचे, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. हजारी ६२ नवजात बाळं दगावायची, ती काही वर्षांत २५ च्या आसपास आली. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेच्या गटांतल्या बायका तर नुसत्या महिन्यातून एकदा गोल बसायच्या आणि आपल्या गावातलं बाळ कशाने गेलं, पुढचं कसं वाचवायचं, हे बोलायच्या. तिथेही बाळं वाचली.

बाळ निळं पडलं, आईचं रक्त थांबेना, तर मोठा दवाखानाच लागतो. मान्य. कधीकधी डबाही लागतो. पण वेळेत निघा म्हणून सांगायला उंबऱ्यापर्यंत येतं कोण? २०११ मध्ये आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, तेव्हा ४२ दिवसांतल्या सहा-सात फेऱ्यांचे मिळून २५० रुपये ठरले. अडीचशे! आणि वर तिची दहावी काढायची.

चौदाव्या दिवशी आशाताईंनी लेकीला झोळीत घालून काट्याला टांगलं. वजन वाढलेलं बघून माझ्याआधी त्यांचेच डोळे भरले.

त्या दिराचाही राग ओसरला आता. पुतण्याच्या काळजीनेच बोलला असेल पोरगा.

मघाशी बाळंतिणीला फोन केला, उद्या सकाळी आशाताईंना घेऊन येते म्हटलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "ताई, भावजी दहाला ऑफिसला जातात. त्यानंतर या."