जोडीने राजवाडा पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

नागपूरच्या उन्हाला कंटाळून जी दांपत्ये बंगळूरला लेकीकडे जातात आणि तिथून एका दिवसात म्हैसूरचा राजवाडा व वृंदावन बाग 'करून' येतात, त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. आम्ही उभयतांनी गेल्या रविवारीच ही यात्रा पार पाडली असल्यामुळे सल्ला ताजा आहे आणि तो देण्याचा अधिकार आम्ही चार गुडघे झिजवून मिळवलेला आहे.

सकाळी सातला निघायचे ठरले असेल तर साडेनऊला निघावे. वाटेत इडली-वडा खाताना "आपल्या तर्री-पोह्यांची सर नाही" हे वाक्य वाढप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे. त्याला मराठी येत नसले तरी चेहरा वाचता येतो.

वार मात्र रविवारच निवडावा. रविवारी संध्याकाळी राजवाडा सुमारे ९७ हजार दिव्यांनी उजळतो आणि साधारण त्याच सुमारास वीसेक किलोमीटरवरच्या वृंदावन बागेत संगीत कारंजी नाचू लागतात. म्हणजे एका संध्याकाळी दोन्ही गोष्टी धड पाहता येत नाहीत. ही माहिती घरून निघण्यापूर्वी पत्नीला अजिबात देऊ नये. दुपारी चार वाजता, वाहनतळावर, भर उन्हात द्यावी. संसाराला रंगत येते.

आत जाताना जोडे बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोजे आदल्या दिवशीचेच असावेत.

इतिहास वाचून जाण्याची चूक करू नये. पूर्वीचा लाकडी राजवाडा १८९७ साली राजकन्येच्या लग्नसमारंभात जळाला, राजा अल्पवयीन असल्यामुळे कारभार पाहणाऱ्या राजमातेने हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे नव्या राजवाड्याचे काम सोपवले आणि १९१२ साली तो पुरा झाला, एवढे जरी ठाऊक असले तरी मन उगाच नागपुरातल्या आपल्या महाल भागाकडे धाव घेते. आपल्याकडेही भोसल्यांचा वाडा १८६४ साली जळाला. मागे नगारखाना तेवढा उरला. असल्या तुलनांनी सहलीच्या दिवशी पोट बिघडते. त्यापेक्षा "याला खर्च किती आला असेल हो?" एवढेच विचारावे आणि उत्तर (त्या काळचे एक्केचाळीस लाखांच्या वर) येण्याआधी पुढच्या दालनात सरकावे.

आता मुख्य सल्ला. राजवाड्यात कल्याण मंडप नावाचे अष्टकोनी दालन आहे. त्याच्या छताची रंगीत काच आणि ते छत तोलणारे लोखंडी खांब ग्लासगोहून आणलेले आहेत, आणि त्या काचेत मोरच मोर आहेत. भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे आहेत. येथे चुकूनही वर पाहू नये. वर पाहिले तर मोबाइलमध्ये आपली हनुवटी दिसते. उत्तम पद्धत ती, जी आमच्या पुढच्या जोडप्याने दाखवली. मुलीने एका खांबाआडून मुलाकडे धावत यावे, मुलाने चकित व्हावे आणि मित्राने ते टिपावे. चकित होणे नीट न जमल्यास पुन्हा धावावे. मी मोजले, ती सतरा वेळा धावली. त्या सतरा वेळा मागची रांग थांबली, एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून उभे राहिले, पहारेकऱ्याची शिट्टी वाजून वाजून दमली आणि दर वेळी तो मुलगा आयुष्यात प्रथमच मुलगी पाहिल्यासारखा दचकला. आमच्या हिने हे मोर तीस वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेवर पाहिले होते. वर्ष संपल्यावरही ते पान फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. ती कशीबशी मंडपाच्या मध्याकडे सरकली आणि मान वर करणार, तोच तो मित्र म्हणाला, "काकू, थोडं बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येऊन राहिल्या तुम्ही!"

'येऊन राहिल्या' ऐकल्याबरोबर गाव कळले. हजार किलोमीटरवर येऊन आपल्याच माणसाने हाकलावे, यासारखा आपलेपणा नाही. ही बाजूला झाली. तिने मान वर करायला आणि मागून "आगे बढो"चा लोंढा यायला एकच गाठ पडली, आणि आम्ही पुढच्या दालनात जाऊन पडलो. तिथून परत फिरता येत नाही. रांग एकाच दिशेने चालते.

बागेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी १९३२ साली पुऱ्या झालेल्या सुमारे साठ एकरांच्या त्या बागेत म्हैसूरपाक संपवावा आणि खोका हिरवळीला अर्पण करावा.

परतीच्या वाटेवर, मंड्या मागे पडल्यावर, हिने विचारले, "अहो, वर मोर किती होते?" मला सांगता आले नाही. मी मुलीच्या फेऱ्या मोजत बसलो होतो.

तेव्हा आता सल्ला पुरे. अरे बाबांनो, तुमचे प्रेम आहे, आनंद आहे. पण ते छत तुमच्या डोक्यामागे लावायचा पडदा नाही. नागपूरच्या महाराजबागेत जा, तेलंखेडीच्या बागेत जा, सतरा नाही सत्तर वेळा धावा, कोण अडवतो? आणि ज्या बाईला तुम्ही 'काकू' म्हणालात, ती तुमच्या फ्रेममध्ये आलेली नव्हती. तुम्ही तिच्या छताखाली तंबू ठोकून बसला होता. दोन मिनिटे सरकायला काय जात होते तुमचे? आम्हीही तिकीट काढूनच आत आलो होतो.