चौथा प्लग

"सर नाही आले?"

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गाडी माझी, पैसे माझे, लायसन्स माझं. सर त्या वेळी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आमच्या सरांना गाडी चालवता येत नाही हे कळलं तर हा आणखी हजारेक रुपये वाढवेल, अशा भीतीनं मी म्हणाले, "बाहेरगावी गेलेत." पहिली थाप मीच मारली, हे आधीच नोंदवून ठेवते.

गाडी सेकंड हँड. वयाच्या 44व्या वर्षी ड्रायव्हिंग शिकून, दोन सोसायट्यांच्या कुंड्या फोडून मग घेतलेली. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, सिलिंडर तीन. हा तीनचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला तो सासऱ्यांमुळे. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तेही इंजिनच्या कामावरून. गाडी दारात आली त्या दिवशी मी शेजारी पेढे वाटत होते आणि अण्णा बोनेट उघडून आत वाकले होते.

"तीनच?"

"तीनच असतात अण्णा, छोट्या गाडीला."

"बसला सहा असतात. उरलेली तीन काढून घेतली की काय गं त्यानं?"

तेव्हापासून घरात कुणी गाडीचं कौतुक केलं की अण्णा "अर्धी आहे" एवढंच म्हणतात.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. छापलेलं काहीही समोर आलं की मी पहिल्या ओळीपासून वाचते. औषधाच्या खोक्यातली घडी, लग्नपत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', सगळं. त्यामुळे गाडीचं मॅन्युअलही मी अख्खं वाचलं होतं. मागे 'टिपणांसाठी' म्हणून चार कोरी पानं असतात, ती भरली होती. एवढ्या तयारीनिशी मी 40 हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला गेले होते. पण तो मुलगा तोंडी परीक्षा घेणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं आधी गाडीला प्रदक्षिणा घातली. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई बोलत काहीच नाहीत, पण सगळं बघतात, तसा. प्रत्येक चाकापाशी थांबून "च्च" म्हणायचा आणि जॉब कार्डावर काहीतरी लिहायचा. चार चाकं, चार "च्च". स्टेपनीपाशी त्यानं नुसता सुस्कारा सोडला.

मग यादी सुरू झाली. इंजिन डिकार्बनायझिंग. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एसी डिसइन्फेक्शन. अंडरबॉडी कोटिंग. रोडेंट रिपेलंट.

"रोडेंट म्हणजे उंदीर ना?"

"हो मॅडम. वायरिंग कुरतडतात."

कुरतडतात हे खरं. पण उंदीर म्हटलं की वाण्याकडे वीस रुपयांची वडी मिळते आणि रोडेंट म्हटलं की 850 रुपये. इतकी वर्षं शब्दांच्या धंद्यात असून हा भाव मला कधी मिळाला नाही.

"डिकार्बनायझिंग मॅन्युअलमध्ये कुठंच नाहीये," मी म्हणाले. पान नंबरही सांगितला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मॅन्युअल वाचलेला माणूस त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला असावा. "मॅडम, मॅन्युअल जनरल असतं. आपल्याकडची कंडिशन वेगळी."

"ते आपल्याकडेच छापलंय. मराठीतसुद्धा आहे. 'इंधन'मधला इ दीर्घ छापलाय."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण तो हरणाऱ्यातला नव्हता. त्यानं हत्यार बदललं आणि वाक्यं अर्धवट सोडायला सुरुवात केली. "एसी डिसइन्फेक्शन नाही केलं तरी चालतं, पण घरात वयस्कर कुणी असेल तर..." "ब्रेक क्लीनिंग तुमच्यावर आहे, फक्त घाटात कधी..." अपुरं वाक्य मला सहन होत नाही. प्रत्येक टिंबटिंबापुढे मी मनातल्या मनात वाक्य पूर्ण करत गेले आणि प्रत्येक वाक्यात आमच्या घरातलं कुणीतरी दगावत गेलं. ब्रेक क्लीनिंगला आणि एसीला मी होकार दिला. टायरमध्ये नायट्रोजन भरायलाही देणार होते, पण हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो हे शाळेतलं ऐनवेळी आठवलं. उरलेल्या 22 टक्क्यांसाठी पैसे मोजायला मन धजेना.

मग मी चूक केली. आपणहून आजार सांगितला. "मागून खडखड असा आवाज येतो. स्पीड ब्रेकरवर."

त्याचा चेहरा उजळला. आम्ही फेरी मारून आलो. सर्व्हिस सेंटरबाहेरच्या रस्त्यावर आवाज करायला खड्ड्यांची कमतरता नव्हती. "सस्पेन्शन," तो म्हणाला. "मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आणि बुश. 14 हजार धरून चला."

"विचार करून कळवते," म्हणाले आणि रिक्षानं ऑफिसला आले.

बारा वाजता फोन. "मॅडम, गाडी खोलून ठेवलीय. काय करायचं पटकन सांगा." आपली गाडी कुठंतरी खोलून ठेवलीय, या वाक्यात काय ताकद आहे ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एअर फिल्टरचा फोटो आला. काळाकुट्ट, मध्ये एक पिंपळाचं वाळकं पान. आमच्या आसपास पिंपळ नाही. पण आपलाच फिल्टर कशावरून, हे विचारायचं धाडस झालं नाही. फिल्टरवर नंबर प्लेट नसते. मी म्हटलं, "बदला. प्लग पण बदला, ते 40 हजारांना बदलायचे असं मॅन्युअलमध्येच आहे. सस्पेन्शन नको. आणि जुने पार्ट मला परत द्या."

हे शेवटचं वाक्य अण्णांनी पढवलेलं होतं. पलीकडे जरा शांतता पसरली.

संध्याकाळी गाडी चकचकीत धुऊन, टायरला काळं पॉलिश लावून, पायाखाली कागद अंथरून उभी होती. गाडी धुतलेली असली की बिल कमी वाटतं, हा हिशेब त्या लोकांना पक्का ठाऊक आहे. मी मात्र लाल पेन काढून बिल वाचायला बसले. पहिल्या पानावर सात चुका. ब्रेक क्लीनिंगमधल्या ब्रेकचं इंग्रजी स्पेलिंग 'मोडणे' या अर्थाचं होतं; म्हणजे मोडण्याची साफसफाई, लेबर वेगळं, त्यावर 18 टक्के जीएसटी. 'कन्झ्युमेबल्स' नावाखाली 350 रुपये होते. ते कुणी कन्झ्यूम केले ते लिहिलेलं नव्हतं. आणि अकराव्या ओळीत: स्पार्क प्लग, नग 4.

प्लग दर सिलिंडरला एकच लागतो. मी त्या चाराभोवती गोल केला.

"माझ्या गाडीला सिलिंडर किती?"

"चार मॅडम."

"तीन."

मुलगा आत गेला, सुपरवायझर बाहेर आला. त्यानं बिल पाहिलं, मला पाहिलं आणि माझ्यामागे कुणी सर उभे आहेत का तेही पाहिलं. "सिस्टिम बाय डिफॉल्ट चार उचलते मॅडम."

"ठीक आहे. जुने पार्ट द्या."

एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिंपळपानासकट फिल्टर आला, ऑइल फिल्टर आला आणि जुने प्लग आले. मी टेबलावर एका ओळीत मांडले. एक, दोन, तीन, चार.

तिघंही बराच वेळ त्या चौथ्या प्लगकडे बघत राहिलो. तो कुणाचा होता, कुठून आला होता, त्याच्या घरचे त्याला शोधत असतील का, काहीच कळायला मार्ग नव्हता. "यातले माझे तीन कुठले?" मी विचारलं. सुपरवायझरनं काही न बोलता एका प्लगचे 138 रुपये आणि कन्झ्युमेबल्सचे 350 कमी केले. त्या विजयाच्या धुंदीत मी सही केली, पैसे भरले आणि घरी येऊन पाहते तो बाराव्या ओळीत रोडेंट रिपेलंट. 850. मुद्रितशोधनात असंच होतं. एक ठळक चूक सापडली की तिच्या शेजारची हमखास सुटते.

आवाज अर्थातच होता तिथंच होता. दुसऱ्या दिवशी अण्णांना मागच्या सीटवर बसवून चक्कर मारली. त्यांनी डोळे मिटले. तीन स्पीड ब्रेकर झाल्यावर म्हणाले, "हे सस्पेन्शन नाही. हा सुट्ट्या लोखंडाचा आवाज आहे. आयुष्यभर ऐकलाय मी." डिकी उघडली, खालचं आच्छादन उचललं. जॅकचा दांडा त्याच्या पट्ट्यातून निसटून स्टेपनीच्या खळग्यात लोळत होता. अण्णांनी तो जुन्या बनियनमध्ये गुंडाळून घट्ट बसवला. खर्च शून्य, बनियन त्यांचंच.

प्लगची हकीगत त्यांनी शांतपणे ऐकली. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच, त्यामुळे त्या वस्तूबद्दल त्यांना मुळातच आदर नाही.

तिसऱ्या दिवशी फीडबॅकचा फोन आला. गोड आवाज. "मॅडम, दहापैकी दहा द्याल ना? नऊ दिले तरी आमच्याकडे शून्यच धरतात." मी जरा घुटमळले, तेवढ्यात ती म्हणाली, "की सर आहेत का घरी? त्यांच्याशी बोलू?"

"आहेत ना," मी म्हटलं आणि फोन अण्णांकडे दिला.

अण्णांनी चष्मा लावला. फोनवर बोलताना ते नेहमी लावतात. "हां, बोला ताई. गाडी ना? तीन सिलिंडरची होती, चौथ्याचा प्लग तुम्ही लावलात, ते छान केलंत. आता उरलेली दोन कधी बसवताय?"