क्लिप दहा सेकंद मागं घ्या की राव

आठवडाभरात तो मेसेज मला चार ग्रुपवरून आला, त्यातला एक तर शाळेच्या बॅचचा, जिथं एरवी गुड मॉर्निंग आणि कुणाच्या तरी पोराच्या बारशाचे फोटो सोडून काही येत नाही. मेसेज असा, की गोलकीपर ओळखायला एक सीझन बास. नवीन क्लबात पहिल्या वर्षी गोल किती खाल्ले ते मोजा, क्लीन शीट, म्हणजे एकपण गोल न खाल्लेल्या मॅच, मोजा, चुका मोजा, विषय कट. बॉल अडवायचं काम सगळीकडं सारखंच, मिलानमध्ये काय आणि मँचेस्टरमध्ये काय. एवढे पैसे घेतल्यावर सेट व्हायला वेळ कसला मागतोस. आणि पहिल्या वर्षी जमलं तोच खरा, ज्याला जमलं नाही त्याला पुढं कधीच जमत नाही. खाली पुरावा म्हणून मँचेस्टर युनायटेडचा कीपर ओनाना याच्या चुकांचा दीड मिनिटाचा व्हिडिओ, मागं रडकं म्युझिक.

मी काय कोच नाही. सोलापूरच्या होम मैदानावर पाचसहा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय एवढंच, तेपण जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठल्यावर पाळण्याच्या आणि स्टॉलच्या खांबांचे खड्डे बुजायच्या आधी, जिथं साधा घरंगळत आलेला बॉल अचानक गुडघ्याला येऊन लागतो. त्यामुळं कीपरला शिव्या पडायला लागल्या की माझं रक्त जरा लवकर तापतं, हे आधीच कबूल करतो.

आता गोल मोजायचं बघू. ओनाना जुलै 2023 मध्ये इटलीतल्या इंटर मिलानमधून युनायटेडला आला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या 38 च्या 38 मॅच खेळला, टीमनं 58 गोल खाल्ले आणि आठव्या नंबरवर राहिली. मेसेजवाला इथंच थांबतो. पण त्याच सीझनमध्ये युनायटेडच्या गोलवर लीगमध्ये साडेसहाशेहून जास्त शॉट आले, म्हणजे मॅचमागं सतरा-अठरा, एवढे तर खाली उतरायच्या मार्गावरच्या टीमला येतात. का आले? डिफेंडरच जागेवर नव्हते, मलासिया आख्खा सीझन बाहेर, शॉ आणि लिसान्द्रो मार्टिनेझ बहुतेक वेळ दवाखान्यात, आणि मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसकडं 4-0 नं हरले त्या दिवशी मागं स्टॉपरला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या डिफेंडरच्या जागी, कोण होतं आठवा. कासेमिरो, जो मुळात मिडफिल्डर, आणि त्याच्या बाजूला छत्तिशीतला जॉनी एव्हन्स. आता त्या चार गोलांतला प्रत्येक गोल ओनानाच्या खात्यावर टाकायचा का?

उलटी बाजू पण बघा. अलिसन 2018 ला लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच सीझनमध्ये लीगच्या 21 क्लीन शीट, टीमनं फक्त 22 गोल खाल्ले, शेवटी युरोपातला सगळ्यात मोठा कप, चॅम्पियन्स लीग, पण जिंकली. माणूस भारीच, वाद नाही. पण वॅन डाइकसारखा डिफेंडर त्याच्या आधी सहा महिने येऊन बसला होता ना. काही मॅचमध्ये अलिसनला हातमोजे मळायची पण वेळ आली नसेल. क्लीन शीट हा आख्ख्या टीमचा मार्क असतो आणि आपण तो एकट्याच्या मार्कशीटवर लिहितो.

आमचे एक चाचा होते, पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं, फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण रात्री माझ्यासोबत टीव्हीसमोर बसायचे कारण उकाड्यात झोप यायची नाही. एकदा मी कुठल्यातरी कीपरला शिव्या घालत होतो तर म्हणले, बे, चादरीत डाग निघाला की मालक पहिलं विणणाऱ्यालाच बोलतो, सूत कुठलं आलं ते कोण बघत नाही. मी त्यांना गप्प बसा म्हणलो होतो, कारण मॅच चालू होती.

ज्यांना आकडेच पाहिजेत त्यांच्यासाठी चांगला आकडा आहे की. टार्गेटवर आलेला प्रत्येक शॉट कुठून मारला आणि गोलच्या कुठल्या कोपऱ्यात चालला होता यावरून त्याचा गोल व्हायचा चान्स किती हे काढतात, सगळ्या शॉटची बेरीज करतात, आणि मग कीपरनं खरंच किती खाल्ले त्याच्याशी लावून बघतात. बेरीज चाळीस आणि खाल्ले पस्तीस, तर पोरानं पाच गोल वाचवले. हे साध्या गोल मोजण्यापेक्षा लई बरं. पण यातपण एक मेख आहे. सीझनभरात टार्गेटवर दीडशेच्या आसपास शॉट, त्यात तीनचार स्वतःच्याच माणसाला लागून दिशा बदलून आत गेले, की तीनचार गोलांचा फरक तसाच पडतो. कीपर तोच. म्हणून एका वर्षाच्या या आकड्यावर पण मी घर गहाण ठेवणार नाही.

आता ते "बॉल अडवायचं काम सगळीकडं सारखंच". हे वाक्य लिहिणारा माणूस आयुष्यात एकदापण गोलमध्ये उभा राहिलेला नाही, लिहून देतो.

मी आमच्या गल्लीची टीम सोडून पूर्व भागातल्या एका टीममध्ये गेलो होतो. तिथला स्टॉपर, त्याला सगळे अण्णा म्हणायचे, घरात तेलुगू, मैदानातपण तेलुगू, मराठी फक्त रेफरीशी भांडताना. त्यांचा जुना कीपर पण तेलुगूच. माझी पहिलीच मॅच, समोरून एक लांब उंच बॉल आला, मी बाहेर निघालो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सोड सोड सोड!" अण्णाला मराठी येत नव्हतं असं नाही, माझ्याइतकंच येत होतं. पण पाच वर्षं त्याच्या कानाला त्या जागी "वदिलेय" ऐकायची सवय. "सोड" त्याच्या डोक्यात पोचून त्याचा अर्थ लागेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तो उडी मारून बसला होता, बॉल त्याच्या टाळूला लागून माझ्या डोक्यावरनं आमच्याच गोलात. आणि मी कुठं? बॉक्सच्या मध्यावर, हात वर करून, देवीच्या मिरवणुकीत नाचल्यासारखा. त्या दिवशी कुणी शूटिंग केलं असतं तर मीपण त्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत असतो. पुढच्या आठवड्यापासून मी "वदिलेय" ओरडायला लागलो आणि तसला गोल परत झाला नाही. माझे हात तेच होते, हाइट तीच होती, फक्त एक शब्द शिकलो.

हे होम मैदानावरचं झालं. वरच्या लेव्हलला असले शंभर शब्द असतात. डिफेन्सची लाइन किती वर उभी राहणार, म्हणजे पाठीमागच्या मोकळ्या जागेत पळायचं कुणी. कॉर्नरला जवळच्या पोस्टवर आपला कोण, बाहेर कधी निघायचं. आणि 2019 मध्ये नियम बदलल्यापासून गोलकिक बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येते, त्यामुळं कीपर हा आता मागचा पासर पण झाला. तो पास घ्यायला कोण वळणार, डावा का उजवा, हे माहिती नसेल तर कीपर अर्धा सेकंद थांबतो, आणि समोरचा फॉरवर्ड त्या अर्ध्या सेकंदाचीच वाट बघत असतो. इंटरमध्ये ओनानासमोर तीन स्टॉपर असायचे, इथं दोन, तेपण दर आठवड्याला वेगळे.

चुकांच्या व्हिडिओबद्दल खोटं बोलणार नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नविरुद्ध सानेचा शॉट हाताखालून गेला, ती ओनानाची चूक, त्यानं मॅचनंतर कॅमेऱ्यासमोर येऊन स्वतः घेतली. 29 नोव्हेंबर 2023, गॅलाटासराय, रात्र जागून बघितलीय मी. युनायटेड 3-1 नं पुढं होती आणि मॅच 3-3 झाली. झियेशच्या दोन फ्रीकिक, पहिलीला पाय आधीच एका बाजूला हलला आणि बॉल दुसऱ्या बाजूनं गेला, दुसरी तर हाताला लागून आत. दोन्ही त्याच्याच. ग्रुपच्या सहा मॅचमध्ये 15 गोल खाऊन टीम शेवटच्या नंबरवर राहिली, त्यात त्याचा वाटा आहेच.

पण तो व्हिडिओ बनवणाऱ्यानं एक क्लिप कापून टाकली. 24 ऑक्टोबर 2023, कोपनहेगन, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड 1-0 पुढं, इंज्युरी टाइम संपत आलेला, पेनल्टी, आणि ओनानानं लार्सनची पेनल्टी अडवली. गॅलाटासरायच्या महिनाभर आधीचाच हा माणूस. आणि अलिसननं सप्टेंबर 2018 मध्ये लेस्टरसमोर पायानं ड्रिबल करायच्या नादात बॉल घालवून गोल खाल्ला होता, त्याचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही कारण लिव्हरपूल ती मॅच 2-1 नं जिंकली. चूक सारखीच असती, पण टीम जिंकली की तिची गंमत होते.

पैशाच्या मुद्द्यावर दोन ओळींच्या वर वेळ घालवण्यासारखं काही नाही. किंमत दोन क्लब आणि एजंट बसून ठरवतात, कीपर स्वतःच्या कपाळावर स्टिकर लावत नाही. केपाला चेल्सीनं 2018 मध्ये 7 कोटी 16 लाख पौंडांना घेतला, कीपरसाठी तेव्हाचा विक्रम. त्या पैशानं त्याचा हात एक इंच तरी लांब झाला का?

आणि हाच केपा मेसेजच्या शेवटच्या मुद्द्याला आडवा येतो, पहिल्या वर्षी जमलं तोच खरा, या मुद्द्याला. लीग कप फायनलला कोचनं बदलायला सांगितलं तर तो बाहेरच आला नाही, तो तमाशा सोडला तर त्याचा पहिला सीझन बरा होता, युरोपा लीगच्या सेमीफायनलला शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, कप जिंकला. दुसऱ्या वर्षी पार घसरला, कोचनं त्याला बसवून म्हाताऱ्या काबायेरोला खेळवलं. मग आला मेंडी, 2020 मध्ये, पहिलाच सीझन, चॅम्पियन्स लीग, वर जगातला बेस्ट कीपर म्हणून फिफाचं बक्षीस. मेसेजच्या हिशोबानं मेंडी दहा वर्षं हलायला नको होता. 2022-23 मध्ये चेल्सीच्या गोलमध्ये परत कोण? केपा. आणि 2023 च्या उन्हाळ्यात मेंडी सौदीला.

दुसऱ्या बाजूनं घ्या. कुर्तुआ 2018 ला रेआल माद्रिदला आला. रोनाल्डो नुकताच गेलेला, एका सीझनमध्ये तीन कोच झाले, आयाक्सनं बर्नाबेउवर येऊन 4-1 नं मारलं आणि गोलमध्ये कुर्तुआच होता. पुढच्या ऑक्टोबरात ब्रुगविरुद्ध हाफटाइमला 0-2 असताना तो बाहेर गेला, तब्येतीचं कारण होतं, पण तोवर लोकांनी त्याला निकालात काढला होता. आपल्या सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावरपण "आधीच्या कीपरला, नवासला, उगाच घालवलं" ही चर्चा मी स्वतः केलीय, नाकारत नाही. त्याच सीझनला रेआल लीग जिंकली. आणि 28 मे 2022 ला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलचे नऊ शॉट त्यानं अडवले, 1-0, मॅन ऑफ द मॅच. सालाहचा तो शेवटाकडचा शॉट आठवा, उजवा हात कुठून आणला काय माहिती.

युनायटेडचा ओनानाच्या आधीचा कीपर डे हेआ, त्याचं तर एकाच सीझनमध्ये झालं. 2011, वय 20, अंगात मांस नाही, लीगच्या पहिल्याच मॅचला शेन लाँगचा साधा शॉट हाताखालून गेला. 31 डिसेंबरला ब्लॅकबर्नकडून घरी हरले आणि त्याला बसवला. फेब्रुवारीत चेल्सीविरुद्ध 3-3 असताना माताची फ्रीकिक वरच्या कोपऱ्यात चालली होती, ती बोटांच्या टोकानं काढली. मग हा सीझन चांगला का वाईट, एका शब्दात सांगा बघू. ऑगस्ट आणि मे याचा ॲव्हरेज काढला तर काहीच हाताला लागत नाही, ऑगस्टपासून मेपर्यंत तो कुठनं कुठं गेला ते बघायला लागतं.

आता तुम्ही म्हणणार, ओनानाचं शेवटी काय झालं? नाही जमलं. एप्रिल 2025 ला लिऑंमध्ये दोन गोल त्याच्या हातून गेले, सप्टेंबरात लोनवर ट्राबझोनस्पोरला पाठवला. म्हणून मेसेजवाला बरोबर ठरला काय? त्याच मापानं डे हेआ पण डिसेंबरात फेकायला पाहिजे होता आणि मेंडीला 2021 मध्येच पुतळा उभारायला पाहिजे होता. तीनातला एक तुक्का लागला. आणि खरं सांगायचं तर ओनानाबद्दल मला पहिल्या वर्षीच जे खटकलं होतं ते गोलांचे आकडे नव्हतं. शॉटच्या आधी त्याचे पाय शांत नसायचे. फ्रीकिक मारायच्या आधीच तो अंदाजानं एक पाऊल टाकायचा, नोव्हेंबरातपण आणि दीड वर्षानंतरपण. हे दुरुस्त झालं नाही. हे बघायला क्लिप दहा सेकंद आधीपासून लागते, आणि फॉरवर्डमधल्या सगळ्या क्लिप बॉल पायाला लागल्यावर सुरू होतात.

ओनानाच्या जागी 2025 मध्ये लामेन्स आला. पहिली मॅच संडरलँडविरुद्ध 2-0, क्लीन शीट, आणि त्याच बॅचच्या ग्रुपवर त्याच माणसानं त्याच रात्री टाकलं, युनायटेडच्या जुन्या दिग्गज कीपरनंतर, श्माइकेलनंतर, हाच. खाली व्हिडिओ, या वेळी म्युझिक ढोलताशाचं. मी विचारलं, भावा, तुझ्या मेसेजप्रमाणं सीझन संपायला अजून मे यायचाय ना? त्यावर त्यानं हसायचा इमोजी टाकला आणि खाली कुणाच्यातरी पोराच्या बारशाचा फोटो आला.