गड्याचा बारमाही चातुर्मास

मारिओच्या आठवणीने गहिवरणारे पुष्कळ भेटतात. माझा जीव मात्र ‘ॲडव्हेंचर आयलंड’ या व्हिडिओ गेममध्ये अडकलाय. लाखो गेम असल्याची थाप छापलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये तो कुठेतरी दडलेला असायचा. हिरो म्हणजे पोट सुटलेला एक गडी: डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला पानांचा घागरा, बाकी सगळं निसर्गाच्या हवाली.

मारिओ घड्याळाच्या धाकाने पळायचा, हा भुकेच्या. वरची ताकदीची पट्टी सारखी घटत असे; केळं, अननस, दिसेल ते तोंडात टाकत धावायचं. दगडाला ठेचकाळला तरी पट्टी कमी. स्केटबोर्ड मिळाला तर वेग यायचा, पण मग थांबायची सोयच नाही. समोर शेकोटी दिसतेय, उडी चुकणार हे कळतंय, आणि आपण निमूटपणे तिकडेच चाललोय!

पण खरा वैरी होतं वांगं. एखादं अंडं फोडावं तर आतून ते निघायचं, गड्याच्या डोक्यावर घिरट्या घालायचं आणि भराभर ताकद शोषून घ्यायचं. आमच्या घरात चातुर्मासभर वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पुढे त्याची कसर भरून निघायची. गड्याचा चातुर्मास मात्र बारमाही. एकदा भरल्या वांग्याचं ताट सरकवत मी पुरावा म्हणून पडदाच दाखवला.

“बघ आई, वांग्याने माणूस मरतो.”

“अरे, नुसती फळं खाऊन पळतोय तो. मरेल नाही तर काय! जेव मुकाट्याने.”

पुढे कळलं की हा गेम मुळात १९८६चा ‘वंडर बॉय’. त्याचं नाव आणि नायक सेगा कंपनीकडे राहिले, म्हणून तो नव्या नावाने आणणाऱ्या हडसन कंपनीने नायकाच्या जागी आपल्याच प्रसिद्धी विभागातले ताकाहाशी घातले. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी हे गृहस्थ जपानभर गाजलेले. कर्तबगार कर्मचाऱ्याचा सत्कार म्हणून त्याला घागरा नेसवून रानात सोडायचं! आपल्याकडे युनियनने दुसऱ्याच दिवशी गेटसभा घेतली असती.

आठ भाग, प्रत्येकात चार फेऱ्या. भागाच्या शेवटी राक्षस यायचा. धड तेच, डोकं फक्त नवं. काटकसरीची ही तऱ्हा मला आजही पटते. जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. वास्तविक पहिल्याच फेरीच्या शेवटी, एका लपलेल्या अंड्यात मधमाशी असते. ती मिळवली की मागे न येता पुढे खेळता येतं. हे आम्हाला सांगणार कोण? कॅसेटसोबत माहितीपुस्तिका सोडा, खोकासुद्धा नव्हता. आणि मधमाशी मिळून तरी काय दिवे लागले असते! राक्षस समोर आला रे आला, की नेमकं आमच्या भागात भारनियमन सुरू व्हायचं.