स्वस्तात पडलं, मालक!

जुन्या बाजारात काय घ्यायचं हे घरून ठरवून निघणारा माणूस हाडाचा गिऱ्हाईक नव्हे. यादी किराण्याला करतात. जुना माल बघायला जाताना डोकं आणि पिशवी दोन्ही रिकामी हवीत. गरज असली की माणूस भाव करताना ढिला पडतो आणि समोरच्याला ते लगेच कळतं. गरजच नसली तर तुम्ही बिनधास्त निम्म्याच्याही निम्म्यापासून सुरुवात करू शकता. म्हणून मुरलेली मंडळी ज्याचा घरात काडीचा उपयोग नाही अशाच वस्तू घेतात. सगळ्यात जास्त पैसे त्यांच्यावरच वाचतात.

सोलापूरकराने श्रीगणेशा ड्रमपासून करावा. उजनी धरण भरून वाहिलं तरी आपल्या नळाला काही दिवसांआडच पाणी, हे जिथे लहान पोरालाही पाठ असतं, तिथे निळा 200 लिटरचा ड्रम म्हणजे घरातला कर्ता पुरुष. नवा घेणं हा शुद्ध उधळेपणा. जुना घ्या, आणि घेताना एकच प्रश्न विचारा : "यात आधी काय होतं?" उत्तर ठरलेलं आहे. "खायचं तेल, मालक." आजवर सोलापुरात विकल्या गेलेल्या प्रत्येक जुन्या ड्रमात खायचं तेलच होतं. शहरात टॉवेल-चादरींचे एवढे कारखाने आहेत, सूत ब्लीच करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, कॉस्टिक लागतं, रंग लागतात. पण ते सगळं बहुधा कागदाच्या पुडीतून येत असावं. ड्रमवरचं लेबल खरवडलेलं दिसलं तर शंका घेऊ नका. तेल कुठल्या कंपनीचं होतं हे गुपित ठेवायची पद्धत आहे.

ड्रम घरी आला की धुवायला घ्या. आधी साबणाचं पाणी, मग चिंचेचं, मग सोड्याचं, मग शेजारच्या आजींनी सांगितलेलं चुन्याचं. प्रत्येक वेळी झाकण उघडून नाक आत घाला, "वास कमी झाला" म्हणा आणि परत धुवा. पाणी साठवायला आणलेल्या भांड्यावर घरातलं साठवलेलं सगळं पाणी संपलं, की ड्रम स्वच्छ झाला असं समजावं. वास तरीही राहतोच. मग तो मधोमध कापून घ्या. एका अर्ध्यात कढीपत्ता, दुसऱ्यात मोगरा. तुम्ही ड्रम नाही, स्वस्तात दोन कुंड्या आणल्या होत्या. कापणाऱ्याची मजुरी बागेच्या खात्यावर टाका, ड्रमच्या नको.

हे खात्याचं शास्त्र नीट समजून घ्या, कारण पुढे कूलर आहे.

कूलर जुना घ्यायचा तर जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास घ्यावा, तेव्हा कुणी विचारत नाही, असं शहाणे सांगतात. त्यांचं ऐकू नका. एप्रिलच्या मध्यावर, पारा चाळिशीपार गेल्यावर, दुपारी दोन वाजता जा. घाम पुसत विचारा, "मोटर कॉपरची आहे ना?" दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणेल, "प्युअर कॉपर." वाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं, त्यामुळे ॲल्युमिनियमची तारही लालसर दिसू शकते, पातं घेऊन थोडं खरवडलं तर आतला पांढरा धातू दिसतो. पण असं खरवडत बसणं आपल्याला शोभतं का? माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही!

समजा, कूलर 1800 ला पडला. रिक्षा टेम्पोसारखी वापरल्याचे 300. पंप बंद निघाला, नवा 350. तिन्ही बाजूंची गवताची जाळी कुजलेली, 400. खालचा ट्रे गंजून चाळणी झालेला, त्याला पत्रा मारून घेतला, 600. पंधरा दिवसांनी प्युअर कॉपर जळलं, मोटर भरून घेतली, 900. बेरीज 4350. ही बेरीज कुठेही करायची नाही. कुणी विचारलं की "अठराशेला पडला" एवढंच सांगायचं, आणि तेही थोडं थांबून, सहज. समोरच्याचा चेहरा पडला की पैसे वसूल. कूलरला दिवसाला किती पाणी लागतं आणि ते ड्रम कापून झाल्यावर कुठून आणायचं, हा वेगळा विषय.

खरं घबाड मात्र जुळे सोलापूर आणि होटगी रोडकडे सापडतं. पोरं पुण्यात आयटीत, नातवंडं झाली की आजी-आजोबांना बोलावणं. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोफा चढत नाही, म्हणून तीस वर्षांचा संसार एका रविवारी हॉलमध्ये मांडला जातो. इथे सावध राहायचं ते काकूंच्या चहापासून. एकदा चहा घेतला की भाव पाडायला जीभ उचलत नाही. उपास आहे सांगूनही सुटका नाही, उपासाला चहा चालतो. काकू मिक्सर दाखवताना त्यावर पहिली शेंगाचटणी कधी केली तिथून सुरू करतात, आणि तुम्ही चारशेचे तीनशे करायला आलेला असता. (दीड तास ऐकून घेतल्यावर त्या शंभर रुपये आपण होऊन सोडतात, असा अनुभव आहे. मजुरीचा हा दर वाईट नाही.)

तिथला फ्रिज घ्याच. त्यावर वीजबचतीचे तारे आहेत का बघू नका. आपल्याकडे तारांकनाची योजना आली 2006 साली. त्याआधीच्या फ्रिजवर तारेच नसतात, आणि नंतरच्यावर पाच असले तरी ते त्या वेळचे. निकष कडक होत गेले, तसे जुने पाच तारे आजच्या मापात खाली घसरले. तरी काळजी नको. वीजबिल हातात पडलं की सगळे तारे एकदम दिसतात.

दिवाण घेतलात तर सोबत ढेकूण फुकट. दिवाण गच्चीवर उन्हात टाकला की ते मरतात, अशी आपली सोलापुरी उन्हावर श्रद्धा आहे. ते मरत नाहीत, सांध्याच्या फटीत सावली धरून बसतात आणि संध्याकाळी दिवाणासोबत खाली येतात.

टॉवेल किलोवर मिळतात, ते खुशाल घ्या. एका कडेचा धागा सुटलेला असतो, अंग पुसताना कोण बघतं? जुनी सोलापुरी चादर मात्र शोधू नका. ती विकायला कुणी काढतच नाही. चादरीची उशी होते, मग पायपुसणं, मग गाडी पुसायचं फडकं. बाजारात यायला तिला फुरसत नसते.

बागेसाठी काय घ्यावं? रंगाचे रिकामे डबे, तडा गेलेली सिमेंटची कुंडी, कुणाच्या तरी बाथरूममधलं बेसिन. खाली भोक पाडायचं राहून जातं, काळी माती पाणी धरून ठेवते, गुलाब कुजतो. शंभर फुटी पाइप स्वस्तात मिळाला तर सोडू नका. नळाला पाणी येईल त्या दिवशी तो केवढा उपयोगी पडेल!

एवढं झालं की घरात चालायला जागा उरत नाही. मग सगळ्याचे फोटो काढा आणि खाली लिहा : "पुण्याला शिफ्ट होत असल्याने विकणे आहे. वापर अत्यंत कमी." पहिलाच माणूस येईल, कूलरवर टिचकी मारेल आणि म्हणेल, "पाचशे देतो, मालक." त्याला दारातूनच परत पाठवा. अशा चिकट लोकांमुळेच हा बाजार बिघडलाय.