व्हॉन मिसेस स्ट्रेस जुळतो, पण मुख्य स्ट्रेस जुळत नाही: एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. अबॅकस या यंत्रभागांवरचा ताण (स्ट्रेस) मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे निकाल त्याच्या ओडीबी फाइलमधून व्हीटीकेसारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये न्यावेत आणि पॅराव्ह्यू या निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाहावेत, असे मी लेखात सुचवले होते. आपण एका ब्रॅकेटवर ते करून पाहिले. एलिमेंटच्या (गणितासाठी भागाचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांतल्या एकेकाच्या) मध्यबिंदूवरचा व्हॉन मिसेस स्ट्रेस, म्हणजे सगळे घटक मिळून काढलेला एकच आकडा, दोन्हीकडे तंतोतंत जुळला; पण कमाल मुख्य स्ट्रेस, म्हणजे त्या बिंदूवर कोणत्याही दिशेने पडणारा सर्वांत मोठा ओढ-ताण, बऱ्याच ठिकाणी वेगळा आला. त्यावरून पॅराव्ह्यूची आकडेमोड भरवशाची नाही, आणि परवाना असलेले सॉफ्टवेअर हाताशी असताना रूपांतराचा हा खटाटोप निरर्थक आहे, असे आपले म्हणणे आहे.

आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. नेमके काय बिघडले असावे हे आपल्याच आकड्यांवरून बरेचसे ओळखता येते. अबॅकस स्ट्रेसचे सहा घटक ११, २२, ३३, १२, १३, २३ या क्रमाने साठवतो; १, २, ३ म्हणजे एक्स, वाय, झेड हे अक्ष. पॅराव्ह्यूसमोर सहा घटकांचा ॲरे आला की तो त्यांना एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, एक्सवाय, वायझेड, एक्सझेड अशी नावे देतो. शेवटच्या दोन जागा उलट आहेत. कन्व्हर्टरने, म्हणजे फाइलचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, आकडे जसेच्या तसे उतरवले, तर १३ चा शिअर (दोन वेगळ्या अक्षांचा, घसरवणारा स्ट्रेस) वायझेडच्या नावावर जमा होतो आणि २३ चा एक्सझेडच्या.

एक साधे उदाहरण कागदावर करून पाहावे. एक्सएक्स १०० मेगापास्कल, एक्सझेड शिअर ५०, बाकी सगळे शून्य. मिसेस १३२.३ येतो, मुख्य स्ट्रेस १२०.७, ० आणि उणे २०.७ येतात. आता तोच ५० चा शिअर वायझेडमध्ये टाका. मिसेस पुन्हा १३२.३ च येतो, पण मुख्य स्ट्रेस १००, ५० आणि उणे ५० होतात. मिसेसच्या सूत्रात तिन्ही शिअरच्या वर्गांची नुसती बेरीज असते, त्यामुळे त्यांची अदलाबदल तिथे कळत नाही. मुख्य स्ट्रेस ज्या घन समीकरणातून निघतात त्यात प्रत्येक शिअरचा वर्ग वेगळ्या नॉर्मल स्ट्रेसशी (एक्सएक्स, वायवाय, झेडझेड यांपैकी एकाशी) गुणला जातो, आणि चूक तिथे उघडी पडते. बिडाच्या भागात तडा कुठून आणि कोणत्या दिशेने जाईल हे आपण मुख्य स्ट्रेसवरूनच ठरवतो, म्हणून ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मिसेस ओडीबीतून तयार उचलला असता तर त्याच्या जुळण्याला अर्थ नव्हता. परंतु तो पॅराव्ह्यूच्या कॅल्क्युलेटरमध्ये सहा घटकांतूनच काढल्याचे आपण लिहिले आहे. स्ट्रेस एलिमेंटच्या स्वतःच्या अक्षांत मोजला की संपूर्ण मॉडेलच्या, हा संशयही इथे टिकत नाही, कारण अक्ष फिरवले तरी मुख्य स्ट्रेसची मूल्ये बदलत नाहीत. उरतो तो घटकांचा क्रम किंवा एखाद्या शिअरचे चिन्ह. दोन्ही गोष्टी कन्व्हर्टरच्या हातातल्या आहेत, पॅराव्ह्यूच्या नव्हेत.

आपण मध्यबिंदूवरचे आकडे घेतलेत हे फार बरे केलेत. नोडवरचे, म्हणजे शेजारी एलिमेंट जिथे जोडले जातात त्या बिंदूंवरचे, घेतले असते तर सरासरीचा गुंता वाढला असता. अबॅकसचा व्ह्यूअर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये आधी प्रत्येक एलिमेंटचा मिसेस काढतो, मग ७५ टक्क्यांच्या मर्यादेत बसणाऱ्या शेजारी मूल्यांची सरासरी करतो. बरेच कन्व्हर्टर आधी घटकांचीच सरासरी करून टाकतात आणि मिसेस मागाहून काढला जातो. फिलेटजवळ (गोलाई दिलेल्या आतल्या कोपऱ्याजवळ) मेश जाड, म्हणजे एलिमेंट मोठे, असतील तर या दोन पद्धतींची उत्तरे चांगलीच वेगळी येतात, आणि त्यात कोणाचीच आकडेमोड चुकलेली नसते. म्हणून मी स्वतः इंटिग्रेशन पॉइंटची (एलिमेंटच्या आत सॉल्व्हर जिथे स्ट्रेस काढतो त्या बिंदूंची) किंवा एलिमेंटची मूल्ये सरासरी न करता नेतो.

कॅल्क्युलिक्स या अशाच मोफत सॉल्व्हरच्या एफआरडी निकाल-फाइलमध्ये २० नोडच्या ब्रिकचे (विटेच्या आकाराच्या एलिमेंटचे) कडांच्या मधले नोड वेगळ्या क्रमाने असतात, तेही व्हीटीकेसाठी हलवावे लागतात; पण तिथे चुकले तर एलिमेंट चुरगळलेला दिसतो आणि लगेच लक्षात येते. खरी धास्ती आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या चुकांची.

आता खटाटोपाविषयी. ओडीबी वाचायला अबॅकसची प्रत संगणकावर असावी लागते, जुन्या आवृत्तीची फाइल नव्या आवृत्तीत आधी अपग्रेड करावी लागते, आणि नव्या आवृत्तीची फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. २०२४ च्या आवृत्तीत अबॅकसचा पायथन २.७ वरून ३ वर गेला आणि निकाल वाचणाऱ्या अनेक जुन्या स्क्रिप्ट सुधारून घ्याव्या लागल्या. परवाना चालू असेपर्यंत हे सारे सुसह्य आहे. पण ज्या ग्राहकाकडे किंवा विद्यार्थ्याकडे तो नाही, त्याच्या हाती आपण रंगीत चित्रे देतो; तपासता येतील असे आकडे देत नाही. व्हीटीकेची मजकूर स्वरूपातील फाइल साध्या एडिटरमध्ये उघडते आणि तीत बिंदू, एलिमेंट, त्यांचे प्रकार व स्ट्रेस ओळीने वाचता येतात. मूळ ओडीबी टाकून द्यावी असे मी कधीच म्हणणार नाही, दोन्ही ठेवाव्यात.

कन्व्हर्टर मात्र सॉल्व्हरइतकाच कसून तपासला पाहिजे, आणि यात आपण माझ्यापेक्षा कठोर असलात तर मला आनंदच आहे. तिन्ही शिअर वेगवेगळे असलेला एकाच एलिमेंटचा नमुना त्यासाठी पुरतो. आपल्या ब्रॅकेटमधला कोणताही एक एलिमेंट निवडून ओडीबीतले सहा आकडे घटकांच्या लेबलांसह आणि पॅराव्ह्यूच्या स्प्रेडशीटमधले सहा आकडे इथे लिहावेत. शेवटचे दोन उलटे असतील तर कन्व्हर्टरमध्ये एकच ओळ बदलावी लागेल, आणि नसतील तर पुढचा शोध आपण मिळून घेऊ.