पंतप्रधानांना बुधवारी उभं करा

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीज संसदेत विरोधकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत, समोरून आरडाओरडा चाललाय, अध्यक्ष एकेकाला दटावताहेत. खाली टिळक नगरच्या मामांचा शेरा: ‘याला म्हणतात लोकशाही. आपल्याकडे आहे का कोणाची छाती?’ त्यावर मामेभाऊ तुटून पडला: ‘तिकडे पण नुसती नौटंकी असते, भिया.’ दोघांचं जमेना तेव्हा माझ्यावर ढकललं. तू मेलबर्नला राहतेस, तूच सांग.

सांगते. मामेभावाचं निरीक्षण बरोबर आहे आणि आपल्या पंतप्रधानांनीही असं उभं राहून उत्तरं द्यावीत ही मामांची मागणी बरोबर आहे.

अधिवेशन चालू असलं की इथे रोज दुपारी दोनला प्रश्नकाळ सुरू होतो. तेव्हा इंदुरात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. इथल्या उन्हाळ्यात साडेआठ. म्हणजे मामांची पोहे-जिलबीची वेळ. प्रश्नांची आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. एक प्रश्न विरोधकांचा, एक सरकार पक्षाचा, मधून अपक्षांचा. उत्तराला तीन मिनिटं. यातले सरकार पक्षाचे प्रश्न म्हणजे निव्वळ मस्का: ‘माननीय मंत्री आपल्या उत्तम योजनेची माहिती देतील काय?’ इथे त्यांना ‘डोरोथी डिक्सर’ म्हणतात आणि सगळे त्याला हसतात, पण बंद कोणीच करत नाही. कारण आजचे विरोधक उद्या तिकडे बसणार असतात. आणि कंटाळा आला की पंतप्रधान स्वतःच उठून ‘उरलेले प्रश्न लेखी घ्यावेत’ असं म्हणतात. खेळ खलास. ही सोय आपल्या कुठल्याच पंतप्रधानांना नाही.

मग हवंय कशाला हे? तर २०२२च्या निवडणुकीआधी अल्बनीज यांच्या लेबर पक्षाने सांगितलं होतं की २०२५पर्यंत घरटी विजेचं बिल वर्षाला २७५ डॉलरने उतरेल. बिलं चढली. विरोधकांनी तो २७५चा आकडा पकडला आणि सोडलाच नाही. पंतप्रधान तो आकडा पुन्हा उच्चारतील काय? पंतप्रधान उठत, युक्रेनच्या युद्धावर बोलत, आधीच्या सरकारवर बोलत, आकडा सोडून सगळं बोलत. पुन्हा तोच प्रश्न. मध्येच कोणीतरी उठून ‘उत्तर विषयाला धरून नाही’ अशी हरकत घेई. बिल भरणाऱ्या माझ्यासारख्या बाईला यातून वीज स्वस्त झाली नाही. पण माणूस कशावर बोलायचं टाळतोय, हे सगळ्या देशाला तोंडपाठ झालं. टाळाटाळ ही रोज, उभ्याने आणि सगळ्यांदेखत करावी लागली की तीही माहितीच असते.

आता आपल्याकडचं. कागदावर आपली व्यवस्था इथल्यापेक्षा कडक आहे, हे माझं मत ऐकून ग्रुपवर मला वेड्यात काढलं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न असतात, १५ दिवस आधी दिलेले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. उत्तर छापून येतं, खात्याला आकडे द्यावेच लागतात. त्या उत्तरावर तिथल्या तिथे पुरवणी प्रश्न आला की मंत्र्याची खरी परीक्षा. १९५७मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले, ही गोष्ट लोकसभेतल्या प्रश्नातूनच पुढे आली, फिरोज गांधींनी ती लावून धरली आणि १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना घरी जावं लागलं. फिरोज गांधी सरकार पक्षाचेच होते, पंतप्रधानांचे जावई होते. असा डिक्सर इथे मी अजून पाहिलेला नाही.

आणि इंदूरकरांना मनमाड विसरून कसं चालेल? पुण्याला रेल्वेने जायचं तर रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातभर वळसा. म्हणून तर आपली सगळी मराठी मंडळी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मान अवघडून सेंधव्याचा घाट उतरतात. इंदूर-मनमाड मार्गाची मागणी जुनी, त्यावरच्या सर्वेक्षणांची आश्वासनंही जुनी. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. त्यातले किती खर्च झाले, जमीन कुठवर आली, हे विचारायची जागा प्रश्नकाळच. ही उत्तरं भाषणात सापडत नाहीत.

गोम इथेच आहे. पंतप्रधानांच्या खात्यांसाठी लोकसभेत बुधवार आणि राज्यसभेत गुरुवार ठरलेला आहे. पण उठून उत्तर देतात ते बहुतेक वेळा राज्यमंत्री. आज जितेंद्र सिंह, मनमोहन सिंगांच्या काळात काही वर्षं आपले पृथ्वीराज चव्हाण. म्हणजे सवय एका पक्षाची नाही. मामेभाऊ म्हणतो, मोदी बोलतात की संसदेत. बोलतात, मणिपूरवरून आलेल्या अविश्वास ठरावावर ऑगस्ट २०२३मध्ये दोन तासांहून अधिक बोलले. पण भाषणात मध्येच उठून ‘ते राहू द्या, हे सांगा’ असं विचारायचा हक्क कोणाला नसतो. पुरवणी प्रश्नात तो असतो.

विरोधकांनाही मी सोडणार नाही. हौदात उतरून, फलक फडकवून तहकूब होतो तो त्यांचाच तास. आणि शिक्षा म्हणाल तर इथे दंगा करणाऱ्याला अध्यक्ष एक तास बाहेर काढतात. तो कॉफी पिऊन परत येतो. आपल्याकडे २०१५मध्ये २५ खासदार पाच दिवसांसाठी निलंबित झाले, डिसेंबर २०२३मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६. (२०१५ला अध्यक्षपदी आपल्या सुमित्राताई महाजन होत्या. इंदूरच्या मराठी घरात यापुढे चर्चा जात नाही, चहा येतो.) अख्खा विरोधी पक्ष बाहेर असेल तर प्रश्न विचारणार कोण?

करोनातलं वागणं मला जास्त बोचतं. ऑगस्ट २०२०मध्ये मेलबर्न कुलूपबंद होतं, तेव्हा इथल्या खासदारांना घरून, पडद्यावरून प्रश्न विचारायची सोय झाली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत अधिवेशन भरलं आणि प्रश्नकाळच रद्द केला. लेखी उत्तरं मिळाली, पण पुरवणी प्रश्न गेला.

तेव्हा मामा, कॅनबेराची नक्कल नको. बुधवारच्या यादीतले पहिले पाच तारांकित प्रश्न पंतप्रधानांनी स्वतः घ्यावेत, प्रत्येकावर दोन पुरवणी, आणि तेवढा अर्धा तास सभागृह तहकूब होणार नाही असं दोन्ही बाजूंनी आधी लिहून द्यावं. नियम फारसे बदलावे लागणार नाहीत. पहिल्या बुधवारी गोंधळ होईल, दुसऱ्याही होईल. पण दंगा कोण घालतंय आणि उत्तर कोण टाळतंय, ते निदान तुम्हाला इंदुरात बसून दिसेल.